जुन्या कॉन्सर्टिनाचं साल कसं ठरवायचं? आतला आकडा २६ हजारांतला

मंद्रसप्तक
माझ्याकडे इंग्लिश पद्धतीची, षटकोनी, ४८ बटणांची कॉन्सर्टिना (हातात धरून भाता आत-बाहेर करत बटणांनी वाजवायचं वाद्य) आहे. दोन्ही बाजूंच्या फळ्या रोझवुडच्या, त्यावर कोरलेली जाळी. बटणं हाडाची: सी लाल, शार्प-फ्लॅट काळी, बाकी पांढरी. उजवीकडच्या लंबगोल खिडकीतल्या लेबलवर लंडनच्या एका वाद्यविक्रेत्याचं नाव आहे, बनवणाऱ्याचं नाही. डावीकडच्या खिडकीत २६ हजारांतला आकडा. अनुक्रमांकावरून साल सांगणाऱ्या एका तक्त्यात हा आकडा १९१३ च्या आसपास येतो, दुसऱ्यात थेट एकोणिसाव्या शतकात. कोणता धरायचा? आणि उघडून बघायची तर काय सांभाळायचं?

खर्ज
दोन्ही तक्ते आपापल्या जागी बरोबर असू शकतात. पहिला व्हीटस्टोनचा, दुसरा लाशनालचा असावा; हे दोन्ही लंडनचे कॉन्सर्टिना बनवणारे कारखाने. कारखाना ठरल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही, कारण प्रत्येकाची मोजणी वेगळी. लाशनालने तर इंग्लिश आणि अँग्लो या दोन प्रकारांचे क्रमांकसुद्धा वेगळे चालवले. विक्रेत्याच्या लेबलवरून काहीच ठरत नाही. दुकानदार दुसऱ्याकडून बनवून घ्यायचे आणि स्वतःचं नाव चिकटवायचे.

व्हीटस्टोन असेल तर काम सोपं आहे. त्यांच्या नोंदवह्या लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयात आहेत आणि त्यांची पानं नेटवर बघता येतात. १९१० नंतरच्या वह्या उत्पादनाच्या आहेत, त्यात आकड्यासमोर वाद्याचं वर्णनही असतं. वर्णन जुळवा. वहीत आठकोनी, धातूच्या फळ्यांची लिहिलेली असेल आणि तुमच्या हातात षटकोनी रोझवुड असेल, तर ती नोंद तुमच्या वाद्याची नाही. (जुन्या वह्या विक्रीच्या आहेत. तिथे एकच आकडा दोन-तीनदा दिसतो, कारण वाद्य परत यायचं आणि पुन्हा विकलं जायचं. १८९१ ते १९१० हा काळ तर वह्यांत जवळपास कोराच आहे.)

लाशनालच्या अशा वह्या नाहीत. त्यांचे सगळे तक्ते म्हणजे तारीख माहीत असलेल्या थोड्या वाद्यांवरून बांधलेला अंदाज.

भाता-घडी
उघडताना एवढं पाळा. प्रत्येक बाजूला सहा बोल्ट असतात. खाचेत घट्ट बसेल असाच स्क्रूड्रायव्हर घ्या, सैल पातं खाच कुरतडतं. एकेक बोल्ट पूर्ण काढू नका. आळीपाळीने समोरासमोरचे अर्धा-अर्धा फेरा सैल करत जा, नाहीतर फळीवर एकाच कोपऱ्यात ताण येऊन जाळी तडकते. कागदावर षटकोन काढा आणि निघालेला बोल्ट त्याच कोपऱ्यात खोचा. जुन्या वाद्यात बोल्ट एकसारखे नसतात, भलत्या भोकात घातला की आटे जातात. फळी आणि भात्याची चौकट यांवर पेन्सिलीची जुळती खूण करा.

फळी निघाली की रीड पॅन (रीड, म्हणजे स्वर देणाऱ्या धातूच्या पट्ट्या, बसवलेलं लाकडी ताट) भात्यातच राहतं. मधल्या भोकात बोट घालून सरळ वर ओढा. रीडला बोट लावू नका, घामाने पोलाद गंजतं.

आता बघायचं ते असं. आकडा दोन्ही पॅनवर, यंत्रणेच्या पाटावर (बटणांच्या तरफा बसवलेली फळी) आणि भात्याच्या चौकटीवर शोधा. सगळीकडे तोच असेल तर वाद्य एकसंध आहे. वेगळा निघाला तर दोन वाद्यांची मिसळ आहे, मग प्रत्येक भागाचं वय वेगळं. ‘ट्रेड मार्क’ आणि ‘इंग्लिश मेक’ असा ठसा दिसला तर लाशनाल, आणि तोही साधारण १८७८-७९ नंतरचा. बटणाखालची तरफ बघा. पितळी खांबाच्या खाचेत नुसती अडकवलेली असेल तर ती लाशनालची नेहमीची पद्धत. व्हीटस्टोनच्या चांगल्या वाद्यांत ती रिव्हेटवर फिरते. मात्र निव्वळ तरफेवर निकाल देऊ नका. १८५८ पर्यंत लुई लाशनाल व्हीटस्टोनसाठीच भाग बनवत होता, त्यामुळे तेवढ्या जुन्या व्हीटस्टोनमध्येही तशीच तरफ दिसते.

आत पेन्सिलीने लिहिलेली तारीख सापडली तर हुरळून जाऊ नका. बहुतेक वेळा ती दुरुस्ती करणाऱ्याची असते. भाता तर बदललेलाच असतो असं धरून चाला.

मंद्रसप्तक
उघडली. आकडा चारही ठिकाणी तोच. ठसा आहे, तरफ अडकवलेली. रीडच्या जिभा पिवळ्या आहेत, चुंबक धरत नाही. पितळ म्हणजे वाद्य अजून जुनं का?

खर्ज
नाही. स्वस्त मॉडेलमध्ये लाशनालने पितळी जिभा कितीतरी वर्षं चालू ठेवल्या. पितळ किमतीबद्दल बोलतं, वयाबद्दल फारसं नाही. तुमची लाशनाल, १८७८ नंतरची, एकोणिसाव्या शतकातली. नोंदीत ‘अंदाजे १८८० चं दशक’ लिहा. ‘१८८४’ असं नेमकं साल कोणी दिलं तर ते तक्त्यातून मोजपट्टी लावून काढलेलं समजा.

श्रुतिभेद
दुरुस्तीला देण्याआधी प्रत्येक स्वर ट्यूनरवर मोजून ठेवा, एकदा रीड घासली की हा पुरावा गेला. जुनी उंच पट्टी ए = ४५२ हर्ट्झच्या जवळपास होती, म्हणजे आजच्या ४४० पेक्षा सुमारे ४७ सेंट चढी (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग). तेवढं चढं वाद्य सापडलं म्हणून ते १८९६ आधीचंच ठरत नाही. त्या साली लंडनच्या फिलहार्मोनिक सोसायटी या संगीतसंस्थेने ए = ४३९ स्वीकारला, पण लष्करी बँड १९२० च्या दशकापर्यंत उंच पट्टीतच वाजत होते.

डी शार्प आणि ई फ्लॅट, तसंच जी शार्प आणि ए फ्लॅट यांची बटणंही वेगळी वाजवून बघा. इंग्लिश पद्धतीत ती स्वतंत्र असतात. जोडीतले स्वर कानाला स्पष्ट वेगळे लागले तर जुनं मीनटोन जुळवणं (अशा जोडीतले शार्प आणि फ्लॅट वेगळे ठेवणारी स्वरपद्धत) शाबूत आहे. तुमच्या वयाच्या वाद्यात ते सहसा मिळत नाही.

पट्टी आधीच ४४० ला आलेली असेल तर भिंगातून जिभेवरचे ओरखडे बघा. मुळाशी घासलं की स्वर उतरतो, टोकाशी घासलं की चढतो. बहुतेक जिभांच्या मुळाशी ताजे, चकचकीत ओरखडे दिसले तर वाद्य मुळात उंच पट्टीचं होतं आणि नंतर कोणीतरी उतरवलं.