शेतीच्या नोंदींसाठी नोट्सचं कोणतं ॲप घ्यावं? मराठीत शोधलेलं सापडलं पाहिजे

औसा_सोयाबीन

राम राम मंडळी. औसा तालुक्यात 11 एकर हाय, सोयाबीन, तूर अन् रब्बीला हरभरा. सहा वर्षं झाली सगळं लिहून ठेवायलोय, कोणतं वाण कुठं पेरलं, खोडमाशी कधी दिसली, फवारा कशाचा मारला, कट्टे किती झाले. पण लिहिलेलं सगळं इस्कटलेलं हाय, काही मोबाइलमधल्या फुकटच्या नोट्समध्ये, काही स्वतःलाच व्हॉट्सॲप केलेलं, काही कॅलेंडरच्या मागं, अन् वडलांच्या दोन लाल वह्या त्या वेगळ्याच.

हे विचारायची वेळ कामून आली ते सांगतो. 2022 ला आमच्याकडं शंखी गोगलगायींनी रान खाल्लं, लातूर धाराशिव बीड सगळीकडंच तो त्रास होता. तेव्हा मी काय काय केलं ते नीट लिहिलं होतं, गोणपाट गुळाच्या पाण्यात भिजवून संध्याकाळी बांधाच्या कडेनं टाकायचे अन् सकाळी त्याच्याखाली जमलेल्या उचलून मिठाच्या पाण्यात बुडवायच्या, मेटाल्डिहाइडच्या गोळ्या किती लागल्या, वड्याकडच्या बांधावरून सुरुवात कशी झाली. यंदा जूनच्या शेवटी परत दिसल्या. शेतातच उभं राहून मोबाइलमध्ये "गोगलगाय" शोधलं तर एकबी नोट नाही. पंधरा दिवसांनी खताचा हिशोब बघताना ती नोट हाती लागली, त्यात मी सगळीकडं "गोगलगाई" लिहिलेलं. तवर दीड एकर दुबार पेरून झालं होतं.

तर असं ॲप सांगा की जिथं मराठीत लिहिलेलं वेळेला सापडल, शेतात रेंज नसताना उघडल, अन् उद्या ॲप बंद पडलं तर माझ्या नोंदी माझ्याकडं राहतील. पैसे थोडे गेले तरी चालतील.

जालना_बीबीएफ

भाऊ नोशन बघा. टेबल लई छान करता येतं, वाण, तारीख, गट नंबर असे कॉलम पाडायचे अन् मग फक्त तुरीचं बघायचं तर फक्त तुरीचंच बघता येतं. मी दोन वर्षं वापरतोय, काही तक्रार नाही.

औसा_सोयाबीन

दादा टेबल मलाबी आवडलं, पण रेंजचं काय? आमच्या शेतात बांधावर एक काडी येती, विहिरीकडं तीबी नाही.

जालना_बीबीएफ

2025 पासून ऑफलाइन चालतं, पण जे पान पाहिजे ते आधी डाउनलोडला लावून ठेवावं लागतं. घरून निघताना आठवण ठेवावी लागल.

नांदेड_अक्षरजुळणी

दादा, मी डीटीपीचं काम करते, दिवसभर मराठी टायपिंगच असतं, म्हणून सांगते. तुमचा प्रश्न ॲपचा अर्धाच आहे, अर्धा आपल्या भाषेचा आहे. ॲप अक्षरं जुळवून बघतं, त्याला शब्द कळत नाही. "पाऊस" शोधलं तर "पावसाचा खंड पडला" ही नोट येणार नाही, "पाणी" शोधलं तर "पाण्याची पाळी" येणार नाही, कारण विभक्ती लागली की शब्दाचं रूपच बदलतं. "बोंडअळी" एकत्र लिहिलं का तोडून, यानंही फरक पडतो. आणि "शेतकऱ्या"मधला ऱ्य तर युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाइल-कॉम्प्युटरवर प्रत्येक अक्षराला जे ठरावीक कोड असतात त्यांत, दोन पद्धतीनं टाइप होतो, स्क्रीनवर दिसायला अगदी सारखा, पण आतले कोड वेगळे. काही ॲप दोन्ही एकच धरतात, काही धरत नाहीत. मोबाइलच्या कीबोर्डवर लिहिलेलं कॉम्प्युटरवर शोधलं आणि सापडलं नाही, असं माझ्यासोबत किती वेळा झालंय.

मी काय करते, प्रत्येक नोटच्या शेवटी एक ओळ ठेवते "शोधशब्द" म्हणून आणि त्यात सगळी रूपं टाकते: गोगलगाय, गोगलगाई, गोगलगायी, शंखी, आणि इंग्रजी अक्षरांत स्नेल. दहा सेकंदाचं काम आहे. शोधतानाही पूर्ण शब्द टाकू नका, "गोगलगा" एवढंच टाका. कोणतंही ॲप पक्कं करायच्या आधी त्यात तुमच्या खऱ्या दहा नोट्स टाका आणि शोधून बघा, जे देवनागरीचा अर्धा शब्दसुद्धा पकडतं तेच घ्या.

अंबाजोगाई_निवृत्त_मास्तर

ताई म्हणतात ते सोळा आणे खरं आहे. मी ऑब्सिडियन वापरतो, 2020 साली आलेलं आहे आणि स्वतःपुरतं वापरायला फुकट आहे. त्यातली प्रत्येक नोट म्हणजे तुमच्याच मोबाइलमध्ये पडलेली एक साधी मजकुराची फाइल असते, ती दुसऱ्या कशातही उघडते, त्यामुळे ॲप गेलं तरी लिहिलेलं जात नाही. रेंज लागतच नाही. दोन मोबाइल आपोआप जोडायचे तर मात्र त्यांची सोय पैसे देऊन घ्यावी लागते, मी महिन्यातून एकदा वायर लावून पूर्ण फोल्डर कॉम्प्युटरवर उतरवून घेतो. जॉप्लिन हे ॲपही चांगलं आहे, ओपन सोर्स आहे, म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला आहे.

एका नोटमध्ये दुसरीचा दुवा देता येतो, त्याचा उपयोग करा. लुहमान नावाचे जर्मन समाजशास्त्रज्ञ होते, त्यांनी उभ्या आयुष्यात 90,000 च्या आसपास चिठ्ठ्या लिहिल्या, हातानं, लाकडी खोक्यांत. प्रत्येक चिठ्ठीला नंबर आणि तिच्यावर दुसऱ्या चिठ्ठ्यांचे नंबर, त्यामुळे एक ओढली की दुसरी हाताला लागायची. तुम्ही "वड्याकडचा बांध" अशी एक नोट करा आणि तिथं जे जे झालं ते तिला जोडा. पुढच्या जूनला तो बांध उघडला की गोगलगायी आपोआप समोर येतील, शब्द कसा लिहिला होता ते आठवायची गरजच नाही.

जालना_बीबीएफ

सर, दुवे जोडत बसायला पेरणीच्या दिवसात कुणाला सवड असती? मला टेबलच बरं वाटतं.

अंबाजोगाई_निवृत्त_मास्तर

पेरणीत जोडूच नका. तेव्हा फक्त तारीख आणि जे दिसलं ते लिहा. जोडायचं काम उन्हाळ्यात.

औसा_सोयाबीन

चार दिवस दोन्ही बघितले. दहा नोट्स टाकल्या, "गोगलगा" टाकून ऑब्सिडियनमध्ये दोन्ही रूपं सापडली, विहिरीजवळ उभं राहूनबी उघडलं, म्हणून तेच ठेवलं. जालन्याच्या दादांचं टेबल आवडलं होतं, तेवढं हिशोबासाठी वहीत आखलंय. ताई, शोधशब्दाची ओळ सगळ्या जुन्या नोट्सला लावायलोय, 40 झाल्या.

काल रात्री वडलांची पहिली लाल वही घेऊन बसलो. ते वाचायले अन् मी टाइप करायलो. एका पानावर "ओढ्याकडला बांध, गोगलगायी, चुन्याचा पट्टा ओढला" असं निघालं. साल लिहिलेलं नाही, पण त्या पानावर बैलजोडीच्या खरेदीचा हिशोब हाय, त्यावरून वडील साल आठवायलेत.