विषय: गावच्या घरी जनरेटरचं पेट्रोल – किती, कशात आणि कुठे ठेवायचं

प्रेषक: जांबोटीकर

नमस्कार मंडळी,

बेळगाव जिल्ह्यातल्या जांबोटीजवळच्या घरी आई-बाबा दोघंच असतात. पावसाळ्यात लाइन गेली की कधी येईल याचा नेम नाही, म्हणून २.५ केव्हीएचा पेट्रोल जनरेटर घेतलाय. फ्रिजमध्ये बाबांचं इन्सुलिन असतं. घरचे म्हणतात, २०० लिटरचं बॅरल भरून मागच्या पडवीत ठेवू, म्हणजे गणपतीपर्यंत चिंता नाही. गोव्यात पेट्रोल स्वस्त, तेव्हा चोर्ला घाटातून आणायचाही बेत आहे. इथे अमेरिकेत ५ गॅलनचे लाल प्लास्टिकचे डबे मिळतात, ते येताना आणावेत का? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावं.

---

प्रेषक: निपाणीकर

जांबोटीकर,

बॅरलचा विचार आजच सोडा. घरच्यांनाही आजच फोन करून सांगा, उद्यावर टाकू नका.

आधी कायदा. पेट्रोलियम कायदा १९३४ प्रमाणे २३ अंशांखाली पेट घेणारं तेल ते ‘अ’ वर्ग, आणि पेट्रोल त्यातच येतं. विक्रीसाठी नसेल तर परवान्याशिवाय एका माणसाला ३० लिटरपर्यंत ठेवता येतं (कलम ८). तेही घट्ट बुचाच्या भांड्यात: धातूचं असेल तर एक भांडं २५ लिटरपेक्षा मोठं नको, काचेचं किंवा चिनी मातीचं असेल तर १ लिटरपेक्षा मोठं नको. प्लास्टिकचा त्या कलमात उल्लेखच नाही. गाडी किंवा इंजिन मालकीचं असेल तर त्याच्या टाकीतलं पेट्रोल वेगळं धरतात आणि इंजिनासाठी म्हणून १०० लिटरपर्यंत सूट आहे (कलम ९). मात्र ३० च्या वर गेलात की जागा वेगळी हवी, माणसं राहतात किंवा काम करतात त्या खोलीशी तिचा संबंध नको. तेव्हा २०० लिटरचं बॅरल आणि तेही पडवीत, हे दोन्हीकडून नियमाबाहेर.

पण माझं म्हणणं असं की तुम्हाला १०० लिटरही लागत नाही. हिशेब मांडून बघा. असा जनरेटर अर्ध्या लोडवर ताशी साधारण १ लिटर पितो. दिवसभर चालू ठेवलात तर बॅरलही पुरणार नाही. सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास चालवा. तेवढ्यात पाण्याचा पंप, फ्रिज, मोबाईल आणि दिव्यांपुरती इन्व्हर्टरची बॅटरी होऊन जाते. दिवसाला ४ लिटर. जनरेटरच्या टाकीत १४ आणि डब्यात १९ असले तर आठ दिवस निघतात. आठ दिवसांत खानापूरला एक फेरी कोणाची ना कोणाची होतेच. फ्रिजचं दार उघडलं नाही तर चारेक तास गारवा टिकतो. रात्रीसाठी इन्सुलिन थर्मासच्या डब्यात बर्फाच्या पॅकबरोबर ठेवा, पण मध्ये कापड घाला. पॅकला चिकटून गोठलं तर ते इन्सुलिन टाकून द्यावं लागतं.

गोव्याचं पेट्रोल मात्र नको. वीस लिटरमागे वाचणार किती, आणि त्यासाठी भरलेला डबा बंद गाडीत घेऊन चोर्ल्याची वळणं चढायची? खाली समुद्रसपाटीला बुच लावलेला डबा वर आला की बाहेरचा दाब कमी होतो, गाडी तापते, डबा फुगतो आणि बुचाच्या रबराजवळून वाफ सुटायला लागते. जवळच्या पंपावर भरा आणि सरळ घरी न्या.

---

प्रेषक: खानापूरकर

निपाणीकर काकांनी प्रमाणाचं लिहिलं, मी जागेचं लिहिते. आपल्याकडच्या जुन्या घरांत खरा धोका तिथेच आहे.

पेट्रोल स्वतः जळत नाही, जळते ती त्याची वाफ. हवेत ती साधारण १.४ ते ७.६ टक्के असली की ठिणगी पुरते. ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते, त्यामुळे वर जाऊन निघून जात नाही. जमिनीला धरून पाण्यासारखी उताराकडे वाहते. पावशेर, म्हणजे २५० मिली पेट्रोल पूर्ण उडालं तर जवळपास ४७ लिटर वाफ होते. दहा बाय दहाच्या खोलीत ती तळाशी पसरली तर सव्वा फुटाचा पेटू शकणारा थर तयार होतो. आता आपलं घर डोळ्यांपुढे आणा. चुलीचं तोंड, न्हाणीघरातल्या बंबाची जाळी, फ्रिजच्या मागचा रिले, सगळं त्याच उंचीला. पडवीपेक्षा न्हाणीघर पायरीभर खाली असतं, म्हणजे पडवीत डबा पाझरला तर वाफ थेट पहाटे पेटवलेल्या बंबाकडे जाते. वास आला नाही म्हणून निर्धास्त राहू नका. उभ्या माणसाचं नाक त्या थराच्या बरंच वर असतं.

म्हणून डबा घरात नको, गोठ्यात नको, गवताच्या गंजीजवळ तर मुळीच नको. घरापासून आणि विहिरीपासून लांब, सावलीत, चिऱ्याची छोटी कोठी करून घ्या. आपल्या भागात चिरा मिळतो, खानापूरची कौलं मिळतात, एका दिवसाचं काम आहे. हवेची भोकं तळाशी हवीतच. फक्त वर खिडकी ठेवली तर जड वाफ आत साचून राहते. समोरासमोरच्या भिंतींत जमिनीपासून बोटभर उंचीवर दोन भोकं आणि त्यांना बारीक तारेची जाळी. आत दिवा, बटण, इन्व्हर्टर काही नको. दाराला कुलूप, किल्ली मुलांच्या हाती लागणार नाही अशी. कोठीबाहेर कोरड्या वाळूच्या दोन बादल्या आणि ६ किलोचं एबीसी पावडरचं अग्निशामक. आगीवर पाणी मारू नका, पेट्रोल पाण्यावर तरंगतं आणि आग पसरते. सांडलं तर वाळू टाकून ती उघड्यावर न्या, मोरीत धुऊन लावू नका.

जनरेटरही पावसाच्या भीतीने पडवीत ओढू नका. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला ते कळतही नाही. खिडक्या-दारांपासून २० फूट लांब, वर पत्रा आणि चारी बाजू मोकळ्या. आणि घरच्या वायरिंगला जोडायचा तर चेंजओव्हर स्विच (एका वेळी लाइन किंवा जनरेटर, एकच जोडणारा) बसवूनच. प्लग उलटा सॉकेटात घातला तर वीज खांबावर जाते आणि तिथे हेस्कॉमचा, म्हणजे वीज कंपनीचा, माणूस काम करत असतो.

---

प्रेषक: जांबोटीकर

काका, वहिनी, मनापासून आभार. बॅरल रद्द, बाबांना सांगितलं. डब्याचं विचारायचं राहिलं. लाल डबा नको तर कुठला घ्यावा? आणि भरताना, आणताना काय बघावं? एरवी स्कूटरच्या पायाशी ठेवून आणतात.

---

प्रेषक: निपाणीकर

लाल डबा तिकडच्या नियमांना धरून बनवलेला असतो. २०२३ पासून तर त्याच्या तोंडात ज्योत रोखणारी जाळीही घालावी लागते. वस्तू चांगली आहे, पण आपल्या कलमात धातू लिहिलंय. इथे २० लिटरचा पत्र्याचा जेरीकॅन घ्या, खटक्याच्या झाकणाचा. खाण्याच्या तेलाचा १५ किलोचा डबा चालत नाही, त्याचं झाकण हवाबंद बसत नाही. झाकणातलं रबर नायट्राइलचं असावं, साधं रबर पेट्रोलमध्ये फुगतं. आतून जस्ताचा मुलामा नको, इथेनॉल त्याला खातं. नवा डबा पाणी भरून कागदावर उलटा ठेवा. थेंबही उमटला नाही तरच घ्या, आणि पाणी काढून उन्हात कडकडीत वाळवा.

पंपावर डबा गाडीतून उतरवून थेट जमिनीवर ठेवायचा. डिकीतल्या गालिच्यावर किंवा रबरी मॅटवर ठेवून भरलं तर स्थिर वीज साचते आणि तिला जमिनीत जायला वाट मिळत नाही. नळीचं धातूचं टोक डब्याच्या तोंडाला टेकलेलं हवं, धार सावकाश. २० च्या डब्यात १९ लिटरच. तापमान २० अंशांनी वाढलं तर पेट्रोल पाऊण पेलाभर नाही, चांगलं ४०० मिली फुगतं. त्याला जागा लागते.

स्कूटरवर मुळीच नको. भरलेला डबा १८ किलोच्या आसपास होतो, घसरलात की तापलेला सायलेन्सर हातभर अंतरावर. कारच्या डिकीत उभा, दोरीने आवळून, काचा खाली करून, वाटेत कुठे न थांबता. बसमध्ये नाही आणि रेल्वेत तर नाहीच. रेल्वे कायदा १९८९, कलम १६४: तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही.

---

प्रेषक: खानापूरकर

एवढं जोडते. आता पंपावर इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, ई२०, मिळतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि आपल्याकडे पावसाळ्यात हवा किती ओली असते ते सांगायला नको. पाणी वाढलं की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाला बसतं. जनरेटरची नळी तळातूनच ओढते, म्हणून इंजिन फुरफुरतं आणि बंद पडतं. उपाय साठा फिरता ठेवण्याचा. भरल्याची तारीख डब्यावर खडूने लिहा. महिना झाला की ते घरच्या दुचाकींत संपवा आणि डबा ताज्याने भरा. जनरेटर बाजूला ठेवायचा असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालवा. नाहीतर कार्ब्युरेटरच्या वाटीत उरलेलं चिकट होतं आणि जेट बुजतो.

टाकी भरताना इंजिन बंद करून किमान पंधरा मिनिटं थांबा. धातूचं नरसाळं टाकीला टेकवून ओता. नळी तोंडाने ओढू देऊ नका. पेट्रोल फुप्फुसात गेलं तर जीवावर बेततं, आणि कोणी गिळलंच तर उलटी न करवता सरळ दवाखान्यात न्या. रिकामा डबाही रिकामा समजू नका, आत वाफ असते. त्याला कडी बसवायला म्हणून बेळगावच्या उद्यमबागेत वेल्डिंगला पाठवू नका, नवा घ्या.