दोन वर्षं अनोळखी दारं ठोठावणाऱ्या मुलाबद्दल तुम्हाला काय वाटतं?

मीनल_युटा
अमेरिकेतल्या युटात राहायला आल्यापासून मॉर्मन शेजारी आणि सहकारी हे रोजचंच झालं आहे. (मॉर्मन हा ख्रिस्ती परंपरेतला एक पंथ. चर्चचं अधिकृत नाव 'द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स'. जोसेफ स्मिथने १८३० मध्ये न्यूयॉर्क राज्यात स्थापन केलं, आता मुख्यालय सॉल्ट लेक सिटीत आहे.) आमच्या टीममधला एकजण २०१६ ते २०१८ पेरूमध्ये मिशनवर, म्हणजे चर्चच्या धर्मप्रसाराच्या कामावर, होता. परवा जेवणाच्या सुट्टीत त्याने सगळं सविस्तर सांगितलं, तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाहीये.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मुलगे अठराव्या वर्षापासून जाऊ शकतात, दोन वर्षांसाठी. मुली दीड वर्षासाठी जातात. कुठे जायचं ते चर्च ठरवतं. पगार नाही, उलट खर्च घरून. अमेरिकन कुटुंबांना तेव्हा महिन्याला ४०० डॉलर भरावे लागत, २०२० पासून ५००. पहाटे साडेसहाला उठायचं, आधी अभ्यास, मग दिवसभर लोकांच्या दारी, रात्री साडेदहाला दिवे बंद. कायम जोडीने राहायचं आणि जोडीदारही चर्चनेच दिलेला. सिनेमा नाही, मुलींना भेटणं नाही, पोहायलाही मनाई. माझ्या या सहकाऱ्याच्या वेळी आठवड्यातून एक ईमेल आणि वर्षातून दोनदा घरी फोन, नाताळला आणि मदर्स डेला. आठवड्याला फोन करायची मुभा २०१९ मध्ये मिळाली.

तो उत्तर पेरूत पिउरा शहराच्या कडेच्या वस्तीत होता. सुरुवातीला लोक काय बोलतात तेच कळेना. तिथे एक आजी यांना घरात घ्यायच्या, पण त्यांना वाचता येत नव्हतं. हे दोघे मॉर्मन ग्रंथातला उतारा वाचून दाखवायचे. एक दिवस आजींनी विचारलं, मला माझं नाव लिहायला शिकवाल का? मग धर्माचा पाठ राहिला बाजूला आणि अक्षरओळख सुरू झाली. आजींनी बाप्तिस्मा (पाण्यात बुडवून धर्मात घेण्याचा विधी) कधीच घेतला नाही. मार्च २०१७ मध्ये पिउरा नदी शहरात शिरली, तेव्हा हे दोघे फावडी घेऊन घराघरातला गाळ काढत होते. त्यातली कित्येक घरं अशी, जिथे आधी यांच्या तोंडावर दार लावलेलं. नंतर तिथे डेंग्यूची साथ आली, तेव्हा पाणी साचलेली भांडी उलटी करत फिरले.

मी त्याचा धर्म मानत नाही. पण एकोणिसाव्या वर्षी परक्या भाषेत, परक्या माणसाच्या घरात बसून त्याचं ऐकून घेणं ही फार मोठी गोष्ट आहे आणि मला त्याबद्दल मनापासून आदर वाटतो. आपल्या मुलांना बारावीनंतर थेट प्रवेशपरीक्षांच्या चरकात घालण्याऐवजी असं काही करायला मिळायला हवं. धर्मप्रसार वगळून बाकीचं घेता येईल का?

तर्कट
वगळलं तर काही उरत नाही. मिशनऱ्यांचा उद्देश त्यांच्या मार्गदर्शक पुस्तकात स्वच्छ लिहिलेला आहे: लोकांना ख्रिस्ताकडे आणायचं, आणि त्या वाटेवर बाप्तिस्मा आहेच. गाळ काढणं हा पूर आला म्हणून करायला मिळालेला अपवाद. पूर नसता तर ती दोन वर्षं दारं ठोठावण्यातच गेली असती.

आकड्यांच्या मागे लागलं की काय होतं तेही बघा. १९५०-६० च्या दशकांत इंग्लंडमध्ये मिशनऱ्यांनी पोरांचे बेसबॉल संघ काढले आणि संघात यायचं तर बाप्तिस्मा घ्या असं चाललं. आपण कशात शिरलो हे कित्येक पोरांना कळलंही नाही. चिलीचं उदाहरण अजून बोलकं आहे. २००२ च्या सुमारास चर्चच्या नोंदीत तिथे पाच लाखांवर सदस्य होते. त्याच वर्षीच्या जनगणनेत स्वतःला मॉर्मन म्हणवणारे निघाले लाखाच्या आसपास. बाकीच्यांना पाण्यात बुडवून वर काढलं, नाव लिहून घेतलं आणि पुढच्या दारी गेले.

रानवारा
अर्धीच बाजू मांडलीत. बेसबॉलचा प्रकार चर्चनेच थांबवला. चिलीतही गळती दिसल्यावर २००२ मध्ये जेफ्री हॉलंड या अगदी वरच्या फळीतल्या नेत्याला दोन वर्षं तिथे राहायला पाठवलं.

आणि ऐकणारा माणूस इतका भोळा असतो का? मीनलताईंच्या पेरूतल्या आजींनी अक्षरं घेतली आणि बाप्तिस्मा घेतला नाही. आपल्याकडचंच बघा. ह्यू फिंडले नावाचा मॉर्मन प्रचारक १८५२ मध्ये मुंबईत आला, मग पुण्याला गेला. मराठी शिकायला लागला. लष्करी अधिकारी आणि इतर पाद्री विरोधात होते. हाती लागले ते मुख्यतः इथले मूठभर युरोपियन, आणि तीनेक वर्षांत तो गाशा गुंडाळून गेला. पुणेकरांनी ऐकलं असेल, वादही घातला असेल, पण नको ते घेतलं नाही. गरीब किंवा निरक्षर माणसाला नाही म्हणता येत नाही हे गृहीत धरणं मला जास्त अपमानकारक वाटतं.

मिरजकर
आमच्या मिरजेत डॉ. विल्यम वानलेस या प्रेस्बिटेरियन मिशनऱ्याने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात इस्पितळ काढलं. माझ्या आजीचं ऑपरेशन तिथे झालं. वॉर्डात सकाळी प्रार्थना व्हायची, ती ऐकायची, आणि घरी येऊन विठोबाला हात जोडायची. वानलेसांचा हेतू धर्मप्रसाराचा होता हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून काही टाके कच्चे पडले नाहीत. हेतूवरून सेवा खोटी ठरवणं मला पटत नाही, तर्कट.

माझा आक्षेप मीनलताईंना वेगळा आहे. वानलेसांना शस्त्रक्रिया येत होती. अठरा वर्षांच्या पोराला काय येतं? महिन्याला ५०० डॉलर आणि विमानाचं भाडं खर्चून त्याला पेरूत पाठवायचं, त्याऐवजी तेच पैसे पिउरातल्याच एखाद्या शिक्षिकेला दिले तर ती आजींच्या सगळ्या गल्लीला लिहायला शिकवेल. शिकत कोण होतं, आजी की तो मुलगा?

मीनल_युटा
दोघंही. मला त्यात वाईट काही दिसत नाही. शिक्षिकेचा मुद्दा मान्य, पण त्याच्या आईवडिलांनी ते पैसे शिक्षिकेला पाठवले नसते हेही खरं.

शंभू
त्या मुलाच्या बाजूने कोणी बोलेल का? चर्चच्या घरात वाढलेल्या धडधाकट मुलाने मिशनवर जावं अशी अपेक्षाच असते, मुलींना ते ऐच्छिक. युटात लग्नाच्या वयाच्या मुलांना 'मिशन करून आलास का' हा प्रश्न ठरलेला. जो नैराश्याने किंवा आजारपणाने अर्ध्यातून परततो त्याची घरी काय अवस्था होते ते तिथे राहणाऱ्यांनी सांगावं. आता अशांना घरी राहून सेवाकार्य करण्याचा मार्ग आहे, ही सुधारणा चांगलीच. पण जिथे नाही म्हटलं तर आईची मान खाली जाते, तिथे त्याला स्वेच्छा कसं म्हणायचं?

अनुराधा
शंभू, आईचा विषय काढलात म्हणून लिहिते. धर्म बदलणाऱ्याच्या मागे एक घर असतं, आणि या चर्चेत ते कुठेच नाही. ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंचे काय हाल झाले ते त्यांनीच लिहून ठेवलं आहे. नवराबायको काही वर्षं वेगळे राहिले.

मॉर्मन चर्चमध्ये मंदिरात (नेहमीच्या प्रार्थनागृहाहून वेगळी, खास विधींची वास्तू) लग्न लागतं, आणि मंदिरात चर्चचे प्रमाणपत्र असलेले सदस्यच जाऊ शकतात. म्हणजे तुमच्या मुलाने हा धर्म स्वीकारला तर त्याच्या लग्नात तुम्ही बाहेर बसणार. अक्षता टाकायच्या त्या कुणावर? अमेरिकेत तर २०१९ पर्यंत असं होतं की आईवडिलांसाठी आधी बाहेर लग्न लावलं तर मंदिरातल्या विधीसाठी वर्षभर थांबायचं. चहा-कॉफी बंद, उत्पन्नाचा दहावा हिस्सा चर्चला, हे वेगळंच. यातलं काय काय तो एकोणीस वर्षांचा मुलगा आधी सांगतो? मीनलताई, विचाराल का त्याला?

मीनल_युटा
विचारलं. चहा-कॉफी आणि दहावा हिस्सा बाप्तिस्म्याआधीच्या पाठांत येतात, मुलाखतीतही विचारतात, त्यामुळे ते लपून राहत नाही. मंदिरातल्या लग्नाबद्दल त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. "मला तेव्हा ते सुचलंच नाही, आमच्या घरात सगळेच आत जाऊ शकत होते," म्हणाला. अनुराधाताई, हे मला आवडलं नाही, आणि मी त्याला तसं सांगितलं. तो गप्प बसला, मग म्हणाला, सांगायला हवं होतं.

तर्कट
आजींच्या अक्षरओळखीचं पुढे काय झालं? या लोकांच्या दर काही आठवड्यांनी बदल्या होतात.

मीनल_युटा
त्याची बदली झाली. पुढच्या जोडीने थोडे दिवस चालवलं आणि बंद केलं, आजी बाप्तिस्मा घेणार नाहीत असं दिसल्यावर. त्याला ते पत्रातून कळलं. सांगताना आजही त्याचा आवाज चढतो. हे लिहिताना मला कळतंय की तुमच्या बाजूला मी पुरावा देते आहे. त्या मुलाबद्दलचा माझा आदर त्याने कमी होत नाही. बदल्यांच्या त्या पद्धतीबद्दल मात्र माझ्याकडे बोलण्यासारखं काही नाही.

मिरजकर
मग तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. आपल्या मुलांसाठी असं वर्ष आखायचंच झालं तर पहिली अट, वर्षभर एकच गाव. दुसरी, जाण्याआधी एक काम नीट शिकवायचं: जखमेची मलमपट्टी, पाण्याची तपासणी, नाहीतर पहिलीच्या मुलांना वाचायला शिकवणं. आणि तो परत निघेल तेव्हा ते काम पुढे कोण करणार त्या गावातल्या माणसाचं नाव पहिल्याच महिन्यात ठरलेलं हवं.

तर्कट
याला माझी हरकत नाही. फक्त हे मिशन नव्हे, मिरजकर. मीनलताईंना आदर वाटला तो त्या मुलाने पाठ बाजूला ठेवला त्या दिवसांबद्दल, आणि ते दिवस पुढच्या जोडीने बंद केले. ज्या व्यवस्थेत असं होतं तिचं कौतुक मी करणार नाही.

रानवारा
पण त्या आजींच्या दारापर्यंत त्याला आणलं कोणी? त्याच व्यवस्थेने. एरवी युटातला मुलगा पिउराच्या वस्तीत कशाला गेला असता?