जुन्या सागवानी दारांवरचा ऑइलपेंट काढायचाय, हीट गन की केमिकल?

माडीवाली
आजोबांच्या काळातलं घर दुरुस्तीला काढलंय. दारं-खिडक्या सागाच्या आहेत म्हणे, दिसतो मात्र नुसता ऑइलपेंट. एका दाराचा पोपडा निघालाय, तिथे वरून हिरवा, मग क्रीम, मग चॉकलेटी आणि तळाशी गुलाबीसर शेंदरी असे थर दिसतात. चौकटीवरच्या नक्षीत रंग इतका साचलाय की पाकळी कुठली नि पान कुठलं, कळत नाही. रंगारी म्हणतो, ग्राइंडरने चटकन उडवून देतो. घरात लहान भाची आहे, म्हणून विचारतेय.

पटाशी_रंधा
ग्राइंडर आधी थांबवा! तळाचा शेंदरी थर वाचूनच कान टवकारले. जुन्या अस्तरात सफेदा आणि शेंदूर सर्रास घालत, आणि दोन्ही शिशाचेच. कोरडं घासलं की त्याची बारीक धूळ घरभर बसते. मुलं जमिनीवर खेळतात, हात तोंडात घालतात. मुलांच्या रक्तात शिसं अमुक इतकं चालतं, अशी सुरक्षित पातळीच नाही. शिसं तपासायच्या घरगुती किटवर विसंबू नका, सगळे थर येतील असा तुकडा प्रयोगशाळेत द्या. तोवर शिसं आहे असंच धरून चाला.

सपाट फळ्यांना हीट गन उत्तम, पण ५०० अंशांच्या खालीच ठेवा. ६०० च्या आसपास शिशाची वाफ व्हायला लागते. गन एका जागी धरू नका. रंग सुरकुतून फुगला की लगेच खरवडायचा पत्रा चालवा, जाड साल सोलल्यागत निघते. धूर दिसला म्हणजे जास्त तापवलंत. काचेजवळ गन नकोच, काच तडकते. चौकटीमागच्या फटीत जुना भुसा, जळमटं असतात. ती आत धुमसत राहतात आणि बाहेरून पत्ता लागत नाही. म्हणून गनचं काम दिवसाच्या सुरुवातीला उरकावं, नंतर लक्ष ठेवता येतं.

नक्षीला पेस्टवालं रिमूव्हर. जाड थापा, वर प्लास्टिक घट्ट लावा, रात्रभर ठेवा. मग बांबूची टोकदार काडी आणि नायलॉनचा ब्रश. लोखंडी पत्र्याने पाकळीची कड एकदा तुटली की गेली. डब्यावर मिथिलीन क्लोराइड लिहिलं असेल तर घेऊ नका, बंद खोलीत त्या वाफेने माणसं दगावली आहेत.

जुनीखिडकी
दारं काढून कॉस्टिक सोड्याच्या टाकीत बुडवून देणारे भेटतील, त्यांना नाही म्हणा. साग काळा पडतो, रेशे उठतात आणि सांधे सैल होतात.

माडीवाली
खूप आभार, दोघांचेही. मग आतल्या खोल्यांची दारंही अशीच करायची? तिथला रंग घट्ट बसलाय.

पटाशी_रंधा
तिथे हातच लावू नका. न सुटलेला रंग जागेवर असतो तोवर धूळ करत नाही. फक्त दार चौकटीला घासत असेल तर ती कड ओली करून पॉलिश पेपर मारा आणि वर नवा हात द्या. लाकूड दाखवायची हौस दर्शनी दारावरच भागवा.

आणि काम चाललंय तोवर भाचीला दुसरीकडे ठेवा. झाडू नाही, ओलं फडकं. साधा कापडी मास्क नाही, बारीक धूळ अडवणाऱ्या पी१०० फिल्टरचा. कामाचे कपडे वेगळे धुवा, आणि खरवडलेले पोपडे पिशवीत बांधून ठेवा. जाळू तर मुळीच नका.