दुकानातला वास, संगीत आणि बिलावरचा मोबाइल नंबर

अबोली:
मोठ्या दुकानांत संथ संगीत, ठरावीक वास, पिवळसर उजेड हे सगळं मुद्दाम ठेवतात म्हणे. त्याने खरंच खरेदी वाढते का? आणि बिल करताना मोबाइल नंबर मागतात, त्याचा याच्याशी काही संबंध आहे का?

रानवाट:
माझ्यावर तरी परिणाम होत नाही. यादी करून जाते, यादीतलंच घेते.

दीपस्तंभ:
रानवाट, यादीत नुसतं 'शाम्पू' लिहिता, की कंपनी आणि बाटलीचा आकारही? नुसतं 'शाम्पू' असेल, तर उरलेला निर्णय शेल्फसमोर होतो. डोळ्यांच्या उंचीवर काय ठेवायचं, हे दुकानाने आधीच ठरवलेलं असतं.

परिणाम झालेला कळत नाही, हीच तर यातली गोम आहे. 1997 साली मानसशास्त्रज्ञ एड्रियन नॉर्थ आणि सहकाऱ्यांनी एका सुपरमार्केटमध्ये वाइनच्या मांडणीपाशी आलटून पालटून फ्रेंच आणि जर्मन संगीत लावलं. फ्रेंच संगीत असताना फ्रेंच वाइनच्या 40 बाटल्या खपल्या, जर्मनच्या 8. जर्मन संगीत असताना जर्मनच्या 22, फ्रेंचच्या 12. नंतर विचारलं, तर 44 पैकी फक्त 6 जणांनी संगीताचा परिणाम झाल्याचं मान्य केलं! त्याआधी 1982 मध्ये रोनाल्ड मिलिमन या संशोधकांना संथ संगीत असताना विक्री जलद संगीतापेक्षा सुमारे 38 टक्के जास्त आढळली होती. पण तो एका सुपरमार्केटमधला प्रयोग. तोच आकडा प्रत्येक दुकानाला लावू नये.

अबोली, तुमचा दुसरा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. मी बरीच वर्षं रिटेलमध्ये डेटाचं काम केलंय. वास दुकानातल्या सगळ्यांनाच येतो, नंबर मात्र तुमचा एकटीचा. बिलाच्या एकेका ओळीत तारीख, वेळ, वस्तू, पाकिटाचा आकार, सवलत असं सगळं असतं. एका बिलावरून फारसं काही कळत नाही. वर्षभराची बिलं एका नंबराखाली आली, की साबण किती दिवसांनी संपतो, ब्रँड कधी बदलला, पूर्ण किमतीत काय घेता, हे दिसायला लागतं. मग जी वस्तू तुम्ही एरवीही घेणारच, तिचं कूपन तुम्हाला पाठवायचं कशाला? ते जातं दुसरीकडे वळू लागलेल्या ग्राहकाला. टेस्को या ब्रिटिश सुपरमार्केट साखळीने 1995 मध्ये क्लबकार्ड हे पॉइंट जमवायचं कार्ड आणलं आणि डनहम्बी या डेटा कंपनीच्या मदतीने अशा नोंदींचा अभ्यास मोठ्या प्रमाणावर सुरू केला.

वास-संगीतही असंच तपासता येतं. काही शाखांत बदल करायचा, तशाच दुसऱ्या शाखांत नाही, आणि विक्री ताडून बघायची. गिऱ्हाईक का भुललं, हे कळलं नाही तरी चालतं. मला हे मनापासून खटकतं. वास आवडला नाही तर माणूस बाहेर तरी पडतो. आपल्या नावाने बनलेलं हे चित्र त्याला दिसतच नाही.

अबोली:
मग नंबर दिलाच नाही तर?

दीपस्तंभ:
सरळ 'नको' म्हणा, छापील बिल मागा. फक्त पॉइंट हुकतील. कार्डाने पैसे भरलेत तर त्यावरूनही बिलं जोडता येतात, हे ध्यानात असू द्या. दुकानाचं ॲप असेल तर लोकेशन आणि ब्लूटूथची परवानगी आजच बंद करा.

रानवाट:
यादीत नुसतं 'शाम्पू'च लिहिते हो. ॲपची परवानगी आत्ताच पाहिली, दोन्ही चालू होत्या. बंद केल्या.