जुनी डिस्क काढली की विंडोज सुरू होत नाही
तुम्ही लिहिलंय की विंडोज नव्या एसएसडीवर आहे, पण जुनी हार्डडिस्क काढली की 'बूट डिव्हाइस नाही' येतं, म्हणजे बहुतेक बूटलोडर (विंडोज सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम) जुन्या डिस्कवरच राहिलाय. वाशीच्या दुकानदाराने तुम्हाला फॉरमॅट सुचवलंय, पण इतक्यात त्याची गरज नाही. डिस्क मॅनेजमेंटमध्ये बघा, साधारण १०० एमबीचं ईएफआय पार्टिशन (बूटलोडर ठेवायचा डिस्कचा छोटा भाग) कुठल्या डिस्कवर आहे? एसएसडीवर नसेल तर बॅकअप घ्या, थोडी जागा मोकळी करून तिथे ते पार्टिशन फॅट३२ फॉरमॅटमध्ये बनवा, मग विंडोज इन्स्टॉल करायच्या पेनड्राइव्हवरून कमांड प्रॉम्प्टमध्ये बीसीडीबूट (बूटच्या फाइली तयार करणारी कमांड) चालवा. तेव्हा जुन्या डिस्कची केबल काढूनच ठेवा, नाहीतर फाइली पुन्हा तिकडेच जायच्या. (ड्राइव्हची अक्षरं त्या कमांड प्रॉम्प्टमध्ये बदलू शकतात, सी म्हणजे तुमचा सी असेलच असं नाही.) एसएसडी एमबीआर (पार्टिशनची जुनी पद्धत) दिसली तर मात्र आधी एमबीआर२जीपीटी, म्हणजे ती नव्या जीपीटी पद्धतीत बदलणारं विंडोजचं टूल, नंतर बायोसमध्ये सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट करायची सोय) बंद.