मदत हवी आहे: हे नवं डिझेल मालइंजिन कोणतं? नंबरातला पहिला आकडा काजळीत गेलाय

रुळावरचा_पाहुणा

नमस्कार मंडळी. रेल्वेचं वेड लहानपणापासूनचं, पण माझी सगळी ओळख अल्को आणि ईएमडी या दोन अमेरिकी कंपन्यांच्या घडणीच्या इंजिनांशी. त्यामुळे परवा जे पाहिलं त्यात पार गोंधळलोय.

फाटकाजवळच्या लूपवर (मुख्य मार्गाशेजारच्या थांबायच्या रुळावर) मालगाडी उभी होती. मागे बंदिस्त वाघिणी, पुढे एकटंच डिझेल इंजिन. एक्सप्रेसला वाट देत वीसेक मिनिटं जागचं हललं नाही, त्यामुळे फाटकाबाहेरून निवांत बघता आलं. केबिन एकाच बाजूला. हूड, म्हणजे इंजिनावरचं आवरण, लांबलचक, आणि मागच्या टोकाला वरचा भाग हूडपेक्षा रुंद होऊन बाहेर आलेला, पाठीवर पेटी बांधल्यासारखा.

खरा घोळ आवाजाचा. ईएमडीची ती सलग घूंघूं नाहीच. ढग्, ढग्, ढग्, आणि मध्येच एखादा ठोका हुकल्यासारखं वाटायचं. सोबतचा मित्र ट्रकचा मेकॅनिक. त्याने कान टवकारले आणि निकालच लावला: "याचा एक सिलिंडर मेलाय." मला मात्र आधी अल्कोची आठवण झाली. पण सिग्नल मिळाल्यावर गाडी ओढताना धूर जवळजवळ नाहीच. अल्को आणि धूर नाही?

नंबर पाच आकडी. पहिला आकडा काजळीने झाकलेला, पुढचे ९, १, ३ वाचता आले, शेवटचा पुन्हा अंधारात. सूर्य नेमका पलीकडून. चाळीस सेकंदांचं चित्रीकरण आहे, तेही हललेलं.

प्रश्न असे: इंजिन कोणतं? ते खरंच आजारी होतं का? आणि वर विजेच्या तारा असताना खाली नवंकोरं डिझेल कशाला?

नॉच_आठ

पाहुणे, पाठीवरची पेटी म्हणजे रेडिएटर. त्यावरून आणि दुसरा आकडा ९ असल्यावरून तुम्ही मढौऱ्याचं इंजिन पाहिलंत एवढं नक्की. बिहारच्या सारण जिल्ह्यातला कारखाना. दोन भावंडं आहेत: डब्ल्यूडीजी-४जी, ४५०० अश्वशक्ती, नंबर ४९००१ पासून, आणि डब्ल्यूडीजी-६जी, ६००० अश्वशक्ती, नंबर ६९००१ पासून. म्हणजे तुमचा झाकलेला आकडा ४ तरी किंवा ६ तरी. बरोब्बर तोच झाकला गेलाय, याला म्हणतात नशीब.

ईएमडीच्या डब्ल्यूडीजी-४ मालइंजिनांना १२ किंवा ७० ने सुरू होणारे नंबर असतात, त्यामुळे तो पर्याय बाद.

जुना_अल्को

दिसायला अगदीच ठोकळा. मागून बघितलं तर कपाट चालल्यासारखं वाटतं. आमच्या वेळी इंजिन नॉच (जोर वाढवायची पायरी) घेताना आभाळ काळं करायचं, तेव्हा कळायचं की काहीतरी ओढतंय. हे येतं, ढगढगतं आणि निघून जातं.

नॉच_आठ

काका, ते काळं आभाळ म्हणजे न जळलेलं डिझेल होतं. टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) वेग घेईपर्यंत हवा कमी आणि इंधन जास्त. रोमँटिक काय त्यात?

जुना_अल्को

तुला नाही कळायचं.

दुहेरी_पिवळा

आवाजाबद्दल मी लिहितो, कारण तुमचा मित्र चुकला तरी त्याचे कान चुकलेले नाहीत.

ईएमडीच्या डब्ल्यूडीजी-४ मधलं ७१० इंजिन टू-स्ट्रोक. (७१० हे एका सिलिंडरचं आकारमान, घनइंचांत. म्हणजे सुमारे ११.६ लिटर.) टू-स्ट्रोकमध्ये प्रत्येक सिलिंडर दर फेरीला एकदा पेटतो. फोर-स्ट्रोकमध्ये एक फेरी सोडून एक. आता फक्त हिशेबासाठी मिनिटाला ३०० फेऱ्या धरा, म्हणजे सेकंदाला ५. ईएमडीचे १६ सिलिंडर सेकंदाला ८० ठोके देतात. एवढे ठोके कान मोजत नाही, त्याची घूं होते. ४जी मध्ये जीई या अमेरिकी कंपनीचं बारा सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन आहे, नाव गेव्हो. त्याचे त्याच वेगाला ३० ठोके. वर सिलिंडर प्रत्येकी जवळजवळ १५.७ लिटरचे, त्यामुळे एकेक ठोका दणकट. इंजिन रिकामं फिरत असताना हे ठोके सुटे ऐकू येतात आणि लंगडल्याचा भास होतो.

अल्को आठवलं तेही बरोबर. अल्कोचं २५१ इंजिनसुद्धा फोर-स्ट्रोकच, १६ सिलिंडर, त्याच हिशेबाने ४० ठोके. जात तीच. फरक धुराचा: गेव्होत इंधन किती आणि कधी सोडायचं ते इलेक्ट्रॉनिक पद्धतीने ठरतं, म्हणून नॉच चढवला तरी धुराचा लोट उठत नाही.

तेव्हा आजारी नव्हतं. स्वभावच तसा.

रुळावरचा_पाहुणा

वा! मित्राला वाचून दाखवलं. "ठीक आहे, पण मी म्हणालो ते ट्रकच्या नियमाने बरोबरच होतं," असं त्याचं म्हणणं आहे.

मग आवाजावरूनच ४जी की ६जी ठरवता येईल का? रेकॉर्डिंग आहेच.

दुहेरी_पिवळा

मोह झाला तरी नको. ६जी मध्ये तेच गेव्हो, पण सोळा सिलिंडर. सारख्या वेगाला ३० विरुद्ध ४० ठोके, इथवर ठीक. पण रेकॉर्डिंगमध्ये ठोके मिळतात, फेऱ्या नाही मिळत. थोडं जोरात फिरणारं १२ आणि थोडं हळू फिरणारं १६ सारखेच ठोके देणार. डोळ्यांनीच सोडवावं लागेल.

पॉइंट्समन

तिसऱ्या प्रश्नावर कोणी बोलत नाही म्हणून मी. करार नोव्हेंबर २०१५ चा, जीईबरोबर, दहा वर्षांत १००० इंजिनं: ७०० साडेचार हजार अश्वशक्तीची, ३०० सहा हजारची. कारखान्याची घोषणा तर त्याच्याही आधीची, मधेपुऱ्याच्या विद्युत इंजिन कारखान्याच्या जोडीने. पहिली इंजिनं अमेरिकेतून जहाजाने २०१७ मध्ये मुंद्रा बंदरात उतरली. २०१९ मध्ये जीईचा रेल्वे विभाग वॅबटेक या कंपनीत गेला. तोवर सगळी ब्रॉडगेज विद्युतीकरण करायची, असं धोरण पक्कं झालं होतं. तारा धावत सुटल्या आणि करार आपल्या गतीने चालत राहिला, म्हणून वर तार आणि खाली डिझेल.

माझं मत विचाराल तर हा निव्वळ अपव्यय नाही. तार तुटली, पूर आला, वीज गेली, की सगळ्यांना डिझेल आठवतं. पण एवढी? तिथे मात्र माझी शंका आहे. एकीकडे मधेपुऱ्याची १२००० अश्वशक्तीची डब्ल्यूएजी-१२बी पूर्ण भरलेली गाडी ओढत असताना त्याच मार्गावर ४५०० चं डिझेल घालणं, आणि तेही लूपवर वीस मिनिटं डिझेल जाळत उभं ठेवून, हे डोळ्यांना खुपतं.

नॉच_आठ

पॉइंट्समन, तुलना जरा अन्यायाची आहे. १२बी ही दोन भागांची जोडी आहे. आणि सगळं अश्वशक्तीत मोजू नका. जीईच्या एसी (पर्यायी विद्युतप्रवाहाच्या मोटरींच्या) इंजिनांत प्रत्येक आसाच्या, म्हणजे चाकांच्या जोडीच्या, मोटरला स्वतंत्र इन्व्हर्टर (मोटरला हवी तशी वीज देणारं यंत्र) असतो. पावसात, चढावर एक चाक घसरलं तर तेवढ्याच मोटरचा जोर कमी होतो, बाकीच्या पाच खेचत राहतात. जुन्या डब्ल्यूडीजी-४ मध्ये एका बोगीला (तीन आसांच्या चाकांच्या चौकटीला) एक इन्व्हर्टर, म्हणजे तिन्ही आस एकदम ढिले. जड मालगाडी चढावर उठवणाऱ्या लोको पायलटला यातला फरक विचारा.

जुना_अल्को

हे मान्य. पाऊस आणि चढ, तिथे आमची अल्को वाळू टाकून टाकून रडायची.

पाहुणे, तुम्ही केबिनच्या बाजूचा फोटो काढलात का? नंबराच्या आसपास वर्ग आणि होम शेड (इंजिनाची देखभाल होते ते आगार) लिहिलेलं असतं. या इंजिनांवर रोझा किंवा गांधीधाम दिसेल. आणि पुढच्या वेळी जवळून घ्यायच्या नादात रुळात उतरू नका. रेल्वे कायद्याचं कलम १४७ आहेच, पण खरं कारण दुसरं: लूपवरच्या इंजिनाच्या ढगढगीत शेजारच्या लाइनवरची एक्सप्रेस ऐकूच येत नाही.

रुळावरचा_पाहुणा

नाही काका, फाटकाच्या आत पाऊल टाकलं नाही. म्हणूनच तर फोटो असे.

केबिनच्या बाजूचा एकच आहे आणि त्यात शेडच्या नावावर तेलाचा ओघळ. पण तुमचं वाचून चित्रीकरण पुन्हा उघडलं, एकेक फ्रेम पुढे सरकवत. गाडी सुटल्यावर साधारण एकतिसाव्या सेकंदाला इंजिन दिव्याच्या खांबाखालून जातं आणि क्षणभर नंबरावर उजेड तिरका पडतो. पहिल्या आकड्याच्या वरच्या अर्ध्यावर काजळी तशीच. खालचा अर्धा मात्र स्वच्छ दिसतोय. इंग्रजी सहा असता तर खाली गोल पोट दिसलं असतं.

पोट नाही. सरळ काठी आहे.

नॉच_आठ

४जी! फ्रेम इथे चिकटवा, शेवटचा आकडा आम्ही शोधतो.